क्रॉसओव्हर फायटिंग गेममध्ये कॅरेक्टर कुणाचं ऐकून येतात? सोलापूरकरांनो, लिहा

विजापूर_वेस (धागाकर्ता)

क्रॉसओव्हर म्हणजे वेगवेगळ्या गेममधली किंवा सिनेमातली कॅरेक्टर एकाच गेममध्ये आणणं. त्यात कुणाला घ्यायचं ते कोण ठरवतं, आपल्या ग्रुपवर हा वाद सारखा निघतो आणि सारखा अर्धवट राहतो, म्हणून इथं नीट लिहितोय. एक बाजू म्हणते फॅन लोकांनी जोर लावला की कंपनी कॅरेक्टर देते, दुसरी म्हणते कंपनीला जे विकायचंय तेच येतं, मतदान-बितदान सगळा देखावा. मला दोन्ही पटत नाही. मला असं वाटतं की फॅनच्या मागणीचा खरा जोर नवीन कॅरेक्टर आणण्यात कमी आणि काढून टाकलेलं परत आणण्यात जास्त दिसतो. नवीनच्या बाबतीत आपण फक्त नाव सांगतो, पुढचं सगळं करार, पैसा आणि बनवणाऱ्याच्या हातात.

किंगडम हार्ट्समधल्या सोराचंच बघा. निन्टेन्डोनं एप्रिल २०१५ मध्ये आपल्या क्रॉसओव्हर गेमसाठी, स्मॅश ब्रदर्ससाठी, कुठलं कॅरेक्टर पायजे त्याचं मतदान उघडलं, ऑक्टोबरपर्यंत चाललं, १८ लाखांच्या वर मतं आली. डिसेंबरमध्ये बेयोनेटा जाहीर झाली, पण कशी, तर ज्यांच्याबद्दल बोलणी होऊ शकतात आणि जी गेममध्ये बसू शकतात अशांमध्ये ती पुढं होती म्हणून. हे वाक्य तेव्हा बऱ्याच जणांनी नीट वाचलंच नाही. एकूण यादीत पहिला कोण होता ते स्मॅश बनवणाऱ्या साकुराईंनी थेट ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं, तो होता सोरा, आणि तो आला स्मॅश अल्टिमेटचं अगदी शेवटचं कॅरेक्टर म्हणून. म्हणजे मतं पडली २०१५ ला आणि पोरगं मैदानात उतरलं सहा वर्षांनी, कारण मधे त्याचे हक्कवाले डिस्ने आणि स्क्वेअर एनिक्स होते. साकुराईंनीच सांगितलंय की एका गेम पुरस्काराच्या ठिकाणी डिस्नेचा माणूस भेटला आणि तिथून गाडी हलली. आता ह्यात मताची किंमत शून्य म्हणायची का? मला तसं वाटत नाही, कारण मतं नसती तर ती बोलणी सुरू करायला एवढं सबळ कारणच नसतं.

तुम्हाला काय वाटतं लिहा. फक्त "अमक्याला आणा" एवढंच लिहू नका, का ते पण लिहा.

कन्ना_चौक_९७

दादा, मतदानाचं म्हणशील तर त्याच्या लई आधी जा की. केओएफ ९७. सोलापुरात ज्यानं कुठल्याही पार्लरमध्ये कॉइन टाकलाय त्याला हा गेम माहीत नाही असं होणारच नाही, मुस्तफा (म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स) आणि ९७ ही दोन मशीनं असली की बाकी काही नसलं तरी गर्दी असायची. केओएफ, किंग ऑफ फायटर्स, म्हणजे मुळातच क्रॉसओव्हर, १९९४ साली एसएनके ह्या जपानी कंपनीनं आपल्याच वेगवेगळ्या गेममधली माणसं एकत्र आणली, फेटल फ्युरीचा टेरी, आर्ट ऑफ फायटिंगचा र्‍यो, इकारी वॉरियर्सचे राल्फ आणि क्लार्क, सायको सोल्जरची अथेना, आठ देशांच्या नावानं तिघातिघांच्या आठ टीम.

आता ९७ मधली यामाझाकी, ब्लू मेरी आणि बिली ही टीम आठवा. ती कथेतून आलेली नाही, जपानमधल्या गेमिंग मासिकांच्या वाचकांच्या मतदानातून ठरलेली टीम आहे ती. यामाझाकी आणि मेरी केओएफमध्ये पहिल्यांदा आले, बिली ९५ मध्ये होता तो परत आला. म्हणजे तिकडच्या वाचकांनी निवडलेला यामाझाकी आपण इथं हॅण्डल हलवून खेळत होतो, त्याचं ते हात खिशात घालून उभं राहणं अख्ख्या गल्लीला पाठ, आणि ही टीम अशी का बनली ते कुणाला माहीतच नव्हतं. मला तर हे कळलं तेव्हा लई भारी वाटलं, कारण ती टीम खेळायला खरंच मजेशीर होती. मागणाऱ्यांना खेळ कळत होता.

आणि तुझा "परत आणण्याचा" मुद्दा ९८ ला तर शंभर टक्के लागू होतो. त्यात कथाच बाजूला ठेवली, ड्रीम मॅच म्हणून सोडला, आणि हायडर्न, ताकुमा, सायशू, रुगल, ९४ नंतर गायब झालेली ती अमेरिकन स्पोर्ट्स टीम, सगळे परत आणले. लोकांना अजून ९८ च सगळ्यात जास्त आवडतो.

जुळे_सोलापूर_जे

मी विरुद्ध बाजूचा आहे, आधीच सांगतो.

तुम्ही सगळे चांगली उदाहरणं धरून बसलाय. प्लेस्टेशन ऑल-स्टार्स बॅटल रॉयल, सोनीचा क्रॉसओव्हर, नोव्हेंबर २०१२, लॉन्चला २० कॅरेक्टर. लोक मागत होते क्रॅश बँडिकूट आणि स्पायरो, कारण प्लेस्टेशन म्हणलं की क्रॅश. ते दोघं ॲक्टिव्हिजनकडं, त्यामुळं नाही आले. बरं ते समजू शकतो, हक्काचा प्रश्न. पण डेव्हिल मे क्रायचा दांते? दांते आला तर तो पांढऱ्या केसांचा सगळ्यांना आवडणारा दांते नाही आला, जानेवारी २०१३ मध्ये जो नवा डीएमसी (डेव्हिल मे क्राय) येणार होता त्यातला काळ्या केसांचा दांते आला. कुणी मागितला होता तो? येणाऱ्या गेमची जाहिरात होती ती सरळ सरळ.

मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम इन्फिनिट, सप्टेंबर २०१७. ३० कॅरेक्टर, त्यात एकही एक्स-मेन नाही. मॅग्नेटो नाही, वूल्व्हरिन नाही, स्टॉर्म नाही. अरे ही सिरीजच १९९६ च्या एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटरपासून सुरू झाली! त्यावेळी एक्स-मेनच्या सिनेमांचे हक्क फॉक्सकडं होते, आणि रोस्टर, म्हणजे कॅरेक्टरची यादी, बघितली तर सगळे सिनेमात चालणारे चेहरे, अल्ट्रॉन, थॅनोस, गमोरा, रॉकेट रॅकून. आणि वरून कॅपकॉमकडून पीटर रोसास, ज्याला सगळे कॉम्बोफीन्ड म्हणून ओळखतात, तो मुलाखतीत म्हणाला की कॅरेक्टर म्हणजे शेवटी फंक्शनच, तुम्हाला मॅग्नेटो आवडतो तो आठ दिशांना डॅश मारतो म्हणून, तर ते नोव्हा पण करतो, कॅप्टन मार्व्हल पण करते.

आता २०२५ चा फेटल फ्युरी, सिटी ऑफ द वुल्व्ह्ज. त्यात क्रिस्तियानो रोनाल्डो आहे. फुटबॉलवाला. आणि एक डीजे आहे, साल्वातोरे गनाची. एसएनके आता सौदीच्या मिस्क फाउंडेशनच्या मालकीची आहे. फेटल फ्युरीचा फॅन २६ वर्षं मागच्या भागाच्या, मार्क ऑफ द वुल्व्ह्जच्या, पुढच्या भागाची वाट बघत होता, त्यानं रोनाल्डो मागितला असेल का? सांगा.

विजापूर_वेस (धागाकर्ता)

@जुळे_सोलापूर_जे भावा, तुझी सगळी उदाहरणं बरोबर आहेत आणि ती माझ्याच बाजूची आहेत बघ. पुढं काय झालं ते पण धर की. इन्फिनिटला पुढं सहा डीएलसी (म्हणजे गेमनंतर वेगळी मिळणारी) कॅरेक्टर आली आणि मग कॅपकॉमनं तो गेम सोडूनच दिला. कॉम्बोफीन्डचं बोलणं यांत्रिक अर्थानं खोटं नव्हतं, तो स्वतः मोठा खेळाडू आहे, त्याला मूव्हसेट आपल्यापेक्षा जास्त कळतो. पण माणूस मॅग्नेटोला निवडतो तेव्हा तो फक्त डॅश निवडत नसतो. त्यानं लहानपणी कार्टून बघितलेलं असतं, एमव्हीसी २ मध्ये (मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २) मॅग्नेटोचे कॉम्बो शिकण्यात बोटं झिजवलेली असतात. नोव्हाला तोच डॅश दिला म्हणून ते सगळं नोव्हाकडं जात नाही.

आणि त्याच सिरीजमध्ये पुढचा भाग बघ. एमव्हीसी २ मध्ये ५६ कॅरेक्टर, २००० सालचा गेम. २००९ ला डाउनलोड म्हणून परत आला, २०१३ च्या शेवटी लायसन्स संपल्यावर स्टोअरमधून गेला. मग स्टोअरमधून कायदेशीरपणे विकत घ्यायचा मार्गच राहिला नाही. २०२१ मध्ये मॅक्सिमिलियन डूड ह्या यूट्यूबरनं फ्री एमव्हीसी २ चा हॅशटॅग चालवला, जगभर लोकांनी उचलला. त्यात कुणी नवीन काही मागत नव्हतं, जे होतं ते परत द्या एवढंच. १२ सप्टेंबर २०२४ ला जुन्या गेमचं कलेक्शन आलं, एमव्हीसी २ सकट. लायसन्सची बोलणी कंपन्यांनीच केली हे मान्य आहे, पण लोकांनी तो गेम जिवंत ठेवला नसता तर कंपन्या बोलायला बसल्या असत्या का?

स्मॅश अल्टिमेट पण तसंच. जून २०१८ मध्ये "सगळे आलेत" ही घोषणा झाली तेव्हा लोक जे ओरडले ते नवीन कॅरेक्टरसाठी कमी आणि स्नेक, वुल्फ, यंग लिंक, पिचू, आइस क्लाइंबर्स परत दिसले म्हणून जास्त.

साखर_पेठ_अनिमेटर

मी टूडी ॲनिमेशनचं काम करते, त्यामुळं ह्या धाग्यात कुणीच न बोललेली गोष्ट सांगते. एक कॅरेक्टर बनवायला काय लागतं?

स्कलगर्ल्स नावाच्या फायटिंग गेमवाल्यांनी २०१३ मध्ये लोकांकडून पैसे गोळा केले तेव्हा हिशोब उघडा मांडला होता. एका कॅरेक्टरला दीड लाख डॉलर. त्यात आठ माणसांचा दहा आठवड्यांचा पगार ४८ हजार, बाहेरून करून घेतलेलं ॲनिमेशन आणि क्लीनअप ३० हजार, टेस्टिंग २० हजार, कन्सोल कंपन्यांचं सर्टिफिकेशन १० हजार, आवाज ४ हजार, असं सगळं. लोकांनी आरडाओरडा केला की एवढे कशाला, तर इतर कंपन्यांच्या डेव्हलपरनी सांगितलं की हे तर स्वस्तात चाललंय. मी तो हिशोब वाचला तेव्हा मला अजिबात जास्त वाटला नाही, एक चांगला पंच काढायला किती फ्रेम लागतात ते ज्यानं काढलेत त्यालाच कळतं, आणि त्या गेममध्ये प्रत्येक फ्रेम हातानं काढलेली आहे. शेवटी जमले ८ लाख डॉलरच्या वर. पुढची एलायझा आणि बियोवुल्फ ही दोन कॅरेक्टर पैसे देणाऱ्यांनी मतं देऊन निवडली. हा गेम क्रॉसओव्हर नाही, पण मागणी आणि पैसा यांचा असा सरळ संबंध मला दुसरीकडं कुठं दिसला नाही.

आमच्या घरात चादरीचं काम होतं, माझे आजोबा मागावर बसायचे. नुसता सुताचा रंग बदलायचा असेल तर काम सोपं असतं, पण डिझाइन बदलायचं म्हणलं की जकार्डची सगळी कार्डं नवीन पंच करावी लागतात. एको फायटर, म्हणजे जुन्याच कॅरेक्टरवरून बनवलेलं जवळपास तसंच कॅरेक्टर, हे रंग बदलणं, पीचवरून डेझी, सामसवरून डार्क सामस. रिडली, मेट्रॉइडमधला तो उडणारा राक्षसी खलनायक, म्हणजे नवीन कार्डं. लोक रिडली वर्षानुवर्षं मागत होते आणि साकुराई म्हणायचे तो फार मोठा आहे. आधीच्या स्मॅश ब्रॉलमध्ये तो बॉस होता, २०१४ च्या स्मॅशमध्ये स्टेजवर उडत यायचा, शेवटी २०१८ ला खेळायला मिळाला तर बघा कसा बनवलाय, पाठ वाकवून, पंख आवरून, कमी उंचीत बसवून. ती नुसती मागणी मान्य करणं नव्हतं, त्या मागणीसाठी शरीराची रचना नव्यानं विचारात घेतली. त्या एका पोझवर किती लोकांनी किती वेळ घालवला असेल याचा मी नेहमी विचार करते.

आणि आइस क्लाइंबर्स २०१४ ला का गेले, तर निन्टेन्डोच्या हातातल्या थ्रीडीएस मशीनला ते पेललेच नाहीत. कुणी द्वेषानं काढलं नव्हतं. तेव्हा लोकांनी किती शिव्या घातल्या.

कन्ना_चौक_९७

ताई, जकार्डचं लई बरोबर. आता कळलं स्ट्रीट फायटरचे केन आणि र्‍यू कायम जोडीनं का येतात.

होटगी_रोड_टॅग

मीमचं काय करायचं मग? शॅगी. स्कूबी डूतला शॅगी. लोकांनी त्याला अफाट ताकदीचा देव करून ठेवला इंटरनेटवर, मॉर्टल कॉम्बॅट ११ मध्ये आणा म्हणून ऑनलाइन पिटिशन, त्यावर लाखोंनी सह्या. तिथं नाही आला, पण वॉर्नरचा मल्टिव्हर्सस आला २०२२ ला तर त्यात शॅगी होता, आणि तोच मीमवाला, अंगातून ऊर्जा सोडणारा. लोकांनी मागितलं, कंपनीनं दिलं, तेही हसतखेळत. बॅटमन, बग्ज बनी, आर्या स्टार्क सगळे एकाच गेममध्ये. आणि मे २०२५ ला गेम बंद, सर्व्हर बंद.

मी तो गेम मनापासून खेळलो. मित्र रोज रात्री असायचे. त्यामुळं मला वाटतं रोस्टर म्हणजे फक्त लोकांना आत आणायचं दार, आत टिकून राहायला खेळ लागतो. त्यांनी मधे गेम जवळपास वर्षभर बंद ठेवून परत काढला, तोवर निम्मे लोक निघून गेले होते.

जुळे_सोलापूर_जे

@होटगी_रोड_टॅग हे पटलं. मागणी मोजताना सही करणारा आणि रोज खेळणारा ह्यातला फरक कुणी धरत नाही. शॅगीच्या पिटिशनवर सही करणाऱ्यांपैकी किती जणांनी मल्टिव्हर्ससमध्ये रँक खेळला असेल?

आणि लोकांच्या रागाचा एक उपयोग मी पण मान्य करतो, तो पैशाच्या बाबतीत. ब्लेझब्लू क्रॉस टॅग बॅटल, २०१८, ४० पैकी २० कॅरेक्टर लॉन्चला आणि बाकीची विकत. आरडब्ल्यूबीवाय ह्या ॲनिमेशन मालिकेच्या चौघींमधल्या दोघी आत आणि दोघी बाहेर! लोक एवढे चिडले की ब्लेक आणि यांग फुकट दिल्या. स्ट्रीट फायटर क्रॉस टेकनमध्ये मार्च २०१२ ला उलटं, १२ कॅरेक्टर डिस्कवर आधीच पडलेली आणि ती उघडायला वेगळे पैसे. त्या प्रकरणानं तो गेम लोकांच्या मनातून उतरला तो उतरलाच, खेळ म्हणून बरा होता तरी.

धालसिम_मेन_सोलापूर

मी एवढं सगळं वाचलं आणि एकच विचार डोक्यात येतोय. आपली मागणी कुठं मोजली जाते?

१९९१ पासून स्ट्रीट फायटरमध्ये भारतीय योगी धालसिम आहे. गळ्यात कवट्या, लांब होणारे हात, तोंडातून आग, स्टेजवर हत्ती. मी त्यालाच खेळतो आणि मनापासून खेळतो, लांबून खेळणारा इतका हुशार कॅरेक्टर दुसरा नाही, आणि क्रॉसओव्हरमध्ये पण तो आहे, एमव्हीसी २ मध्ये आहे, स्ट्रीट फायटर क्रॉस टेकनमध्ये सगातबरोबर जोडीनं आहे. पण तो आपण मागितलेला नाही, बाहेरच्या माणसांनी आपल्याबद्दल कल्पना करून बनवलेला आहे. आणि सौदीचं बघा, टेकन ७ मध्ये सौदीचा शाहीन आणताना टेकनच्या हरादांनी अरब खेळाडूंची मतं मागवली, डोक्यावरचं कापड, पोशाख, सगळ्यावर चर्चा झाली. केओएफ १४ मध्ये मेक्सिकोची टीम आली, साउथ अमेरिकेची टीम आली, कारण लॅटिन अमेरिकेत केओएफ वेड्यासारखा खेळला जातो. नंतर त्याच गेममध्ये सौदी मुलीनं डिझाइन केलेली नज्द आली, स्पर्धेतून निवडलेली.

मग ९७ सोलापुरात काय कमी खेळला गेला का? इचलकरंजीत, लातुरात, नांदेडात काय कमी? पण ती सगळी मशीनं, कॉइन टाकला आणि खेळलं, त्याची नोंद कुठल्या कंपनीकडं गेली? कुठंच नाही. आपण गेम विकत घेतलेलेच नव्हते, बाजार म्हणून आपण त्यांना दिसलोच नाही. ह्यात मला कुणाला दोष द्यायचा नाहीये, पण वाईट वाटतं हे खरं आहे.

साखर_पेठ_अनिमेटर

@धालसिम_मेन_सोलापूर तुझं म्हणणं मनाला लागलं. पण मग आपण मागायचं काय? "भारतीय कॅरेक्टर द्या" एवढं म्हणलं तर परत कुणीतरी योगी नाहीतर हत्तीवाला काढून देणार. मला विचारशील तर मी दांडपट्टा मागेन. लवचिक पातं, हातावर लोखंडी मोजा, गोल फिरत चालणारा वार, मधल्या अंतरावर समोरच्याला जवळच येऊ देत नाही. त्यातली कमजोरी पण तयार आहे, मनगट वळत नाही त्यामुळं अगदी जवळ कुणी आलं की अडचण. नुसतं नाव सुचवण्यापेक्षा असं लिहिलं तर बनवणाऱ्याला चित्र दिसतं, मला तरी लगेच फ्रेम दिसायला लागल्या.

कन्ना_चौक_९७

आणि एक मल्ल पण पायजे. लाल मातीतला. स्ट्रीट फायटरच्या पैलवान झांगीफला धोबीपछाड दाखवूया.

होटगी_रोड_टॅग

फेटल फ्युरी आणि केओएफच्या माईबद्दल कुणी बोललं नाही अजून. २०१९ ला स्मॅशमध्ये टेरी आला, स्टेजवर मागं केओएफची निम्मी मंडळी उभी, पण माई शिरानुई नाही. साकुराईंनी कारण सांगितलं की स्मॅश सगळ्या वयाच्या चांगल्या मुलामुलींसाठी आहे. म्हणजे हक्क होते, मागणी होती, तरी वयाच्या रेटिंगवर अडलं. ती शेवटी स्ट्रीट फायटर ६ मध्ये आली फेब्रुवारी २०२५ ला, टेरीच्या मागोमाग.

विजापूर_वेस (धागाकर्ता)

@होटगी_रोड_टॅग हे चांगलं आठवलंस. मागणी एका गेममध्ये अडली तर दुसऱ्या गेमातून वाट काढते, शॅगीचं पण तेच झालं.

@जुळे_सोलापूर_जे रोनाल्डोवर तुझ्याशी मी पूर्ण सहमत आहे, मालकाची मागणी आणि फॅनची मागणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रोस्टरमध्ये दोन्ही शेजारी शेजारी उभ्या दिसतात. पण त्याच फेटल फ्युरीत डीएलसीमध्ये केन आणि चुन-ली आले. कॅपकॉम आणि एसएनकेची देवाणघेवाण १९९९-२००० पासून लोकांच्या डोक्यात पक्की आहे, ती मधे बंद पडली आणि एवढ्या वर्षांनी परत सुरू झाली. हे मी परत आणण्याच्याच खात्यात टाकतो.

@धालसिम_मेन_सोलापूर तुझ्या प्रश्नाला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. एवढं मात्र करता येतं, की आता गेम विकत घेतले जातात, ऑनलाइन रँक खेळले जातात, कुठल्या देशातून किती जण कुठलं कॅरेक्टर घेतात ते कंपनीला दिसतं. पार्लरच्या काळात ते दिसत नव्हतं. त्यामुळं कंपन्यांचे सर्व्हे येतात ते भरा, आणि ताईनं लिहिलं तसं भरा, हत्यार कुठलं, अंतर किती, कमजोरी काय.

धालसिम_मेन_सोलापूर

भरतो. दांडपट्ट्याचा मसुदा ताईनं केला तर मी इंग्रजीत लिहून देईन, म्हणजे सगळ्यांना एकसारखा पाठवता येईल.

एक विचारायचं राहिलं, त्या एमव्हीसी कलेक्शनमध्ये जुना एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर पण आहे का, का फक्त दोनच?

विजापूर_वेस (धागाकर्ता)

आहे. एकूण सात गेम आहेत, एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर, मार्व्हल सुपर हीरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटर, दोन्ही एमव्हीसी, त्याच्या आधीचे दोन मार्व्हलचे, आणि पनिशर, तो मात्र मुस्तफासारखा चालत चालत मारामारीचा आहे. धालसिम त्यातल्या तीन गेममध्ये मिळेल तुला, दोन्ही व्हर्सेस स्ट्रीट फायटर आणि एमव्हीसी २. रविवारी सात रस्त्याकडं माझ्या घरी ये, लावून ठेवतो.

साखर_पेठ_अनिमेटर

मसुदा मी करते. पट्ट्याचे खरे वार बघायला लागतील आधी, कुणाच्या ओळखीत शिवकालीन युद्धकला शिकवणारं कुणी असेल तर मेसेज करा.